वाचक विचारतात: जावयाच्या मूळ पुरुषाची जमीन

मागच्या अंकात खासरा पत्रकावर, म्हणजे शेतजमिनीच्या नोंदीच्या जुन्या कागदावर, लिहिलं होतं त्यावर लै पत्रं आली, व्हॉट्सअ‍ॅपवर तर कागदांचे फोटोच फोटो. २०२३ पासून कुणबी नोंदी शोधायला म्हणून अख्ख्या मराठवाड्यात जुनी दप्तरं उघडली, खासरा, क पत्रक, पक्काबुक हे शब्द घराघरात पाठ झाले, आणि आता लोकांना आपल्या घराण्याचं बाकीचं पण शोधावंसं वाटायलंय, ही मला फार चांगली गोष्ट वाटते. त्यात अंबाजोगाईच्या एका काकांचं पत्र थेट सातासमुद्रापारच्या जमिनीबद्दल आलं. ते इतकं आवडलं की यावेळची जास्त जागा त्यालाच दिलीय, बाकीचे प्रश्न पण त्याच्या आजूबाजूचेच निवडलेत.

प्रश्न: नमस्कार सर. मी तलाठी होतो, आता रिटायर होऊन अंबाजोगाईला असतो. माझी मुलगी अमेरिकेत पेन्सिल्व्हेनियात आहे, जावई तिकडचेच. त्यांच्या घरात सांगतेत की मूळ पुरुष जर्मनीहून १७५० च्या आसपास जहाजानं आला आणि लँकेस्टर का बर्क्स अशा कुठल्यातरी काउंटीत जमीन घेतली. आडनाव आता मिलर लावतेत. जावयांनी वंशावळीच्या वेबसाईटवर बघितलं तर एकाच नावाचे ढीगभर लोक निघाले, आपला कोणता काही कळेना. मुलगी म्हणाली, बाबा तुम्ही जन्मभर सातबारा लिहिला, तुम्हीच बघा की. इंग्रजी वाचता येतं, जमिनीचं कळतं, पण तिथलं दप्तर कसं असतंय काहीच माहीत नाही. सुरुवात कुठून करू?
– एक निवृत्त तलाठी, अंबाजोगाई

उत्तर: काका, मुलीनं बरोबर माणसाला काम लावलंय. वेबसाईटवर लोक अडकतात ते नावामागं पळाल्यामुळं. एका गावात एकाच नावाचे चार खातेदार असले तर तुम्ही काय बघायचात? बापाचं नाव, सर्व्हे नंबर, आणि बांधाला कोण आहे. तिकडं पण हेच तीन बघायचं, फक्त कागदांची नावं वेगळी आहेत, ती सांगतो.

पहिलं म्हणजे १७५० पासून खाली येऊ नका, आजपासून मागं जा. जावयांना विचारा की घराण्यात शेवटची शेती कुणाकडं होती, पणजोबाकडं असेल नाहीतर त्याच्या बापाकडं, आणि ती कोणत्या काउंटीत, कोणत्या टाउनशिपमध्ये होती. काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखं, आणि टाउनशिप म्हणजे काउंटीच्या पोटातला लहान भाग. तेवढं एक खरेदीखत हातात आलं की पुढचं काम ते खतच सांगतं, कारण तिथं लिहायची पद्धतच अशी आहे की ही जमीन अमक्यानं तमक्याला अमुक तारखेला दिली होती, ते खत अमुक बुकाच्या अमुक पानावर आहे. तुम्ही फेरफारावरून फेरफार मागं जायचात तसं खतावरून खत मागं जायचं.

आता दप्तर. इंग्लंडच्या राजानं १६८१ ला विल्यम पेन याला ही वसाहत दिली, म्हणजे राजाच्या कागदाप्रमाणं तिथली सगळी मोकळी जमीन पेन घराण्याची झाली. जमीन विकायला त्यांनी लँड ऑफिस चालवलं. पुढं स्वातंत्र्याच्या लढाईत १७७९ ला कायदा करून घराण्याचे हक्क राज्यानं काढून घेतले पण कामाची पद्धत तीच राहिली. त्यामुळं जमीन पहिल्यांदा कुणाच्या नावावर झाली ते दप्तर राज्याकडं, हॅरिसबर्गच्या स्टेट आर्काइव्हजमध्ये, आणि त्यानंतरच्या खरेद्या-विक्र्या काउंटीच्या कोर्टहाउसात, रेकॉर्डर ऑफ डीड्स म्हणून ऑफिस असतं त्याच्याकडं. हे दोन वेगळे आहेत हे नीट लक्षात ठेवा. लोक काउंटीतच पहिला कागद शोधत बसतात, तो तिथं नसतोच, मग म्हणतात आमच्या पूर्वजाकडं जमीनच नव्हती.

लँड ऑफिसात एका जमिनीमागं पाच टप्पे होते. आधी अर्ज, हा बऱ्याचदा तोंडीच. मग वॉरंट, म्हणजे सर्व्हेअरला हुकूम की या माणसाला इतके एकर मोजून द्या. मग सर्व्हे, म्हणजे प्रत्यक्ष मोजणी आणि नकाशा. मग रिटर्न, म्हणजे मोजणी झाल्याचा रिपोर्ट लँड ऑफिसला परत. आणि सगळे पैसे भरले की पेटंट, पक्की मालकी. १७३२ नंतर बरीच वर्षं शंभर एकराला साडेपंधरा पौंड असा दर होता, त्याशिवाय दर एकराला अर्धा पेनी वर्षाचा सारा. नवीन आलेल्या माणसाला ही रक्कम काही लहान नव्हती, म्हणून पुष्कळांनी वॉरंट काढून मोजणी करून घेतली, जमीन कसली, आणि पेटंटाचे पैसे भरायचं राहूनच गेलं. मधे जमीन पोराला गेली, जावयाला गेली, शेजाऱ्याला विकली, आणि चाळीस-पन्नास वर्षांनी पेटंट निघालं ते तिसऱ्याच माणसाच्या नावावर. अशा पेटंटात बऱ्याचदा सगळी साखळी लिहिलेली असते, वॉरंट कुणाचं, त्यानं कुणाला दिली, त्याच्या मागं कुणाला आली. म्हणून पेटंटावर आपलं नाव दिसलं नाही म्हणून बाजूला ठेवू नका, आत वाचा.

वॉरंटचं रजिस्टर काउंटीवार असतं, काउंटीत आडनावाचं पहिलं अक्षर, आणि त्या अक्षरात तारखेचा क्रम. म्हणजे एम च्या पानावर १७५० च्या आसपासच्या सगळ्या ओळी वाचायच्या, फक्त मिलर नाही. कारण लिहिणारा कारकून इंग्रज, सांगणारा जर्मन, आणि कारकुनानं कानाला आलं तसं लिहिलं. म्युलरचं मिलर, श्नायडरचं स्नायडर, येगरचं कुठं वाय नं कुठं जे नं. काहींनी तर अर्थ बघून आडनाव फिरवलं, झिमरमन होता तो कार्पेंटर झाला. आणखी एक, योहान हे नाव जर्मन घरात चार-चार भावांच्या आधी लावलेलं असायचं, योहान गेओर्ग, योहान पेटर, योहान आडम, आणि हाक मारायची ती दुसऱ्या नावानं. म्हणून कागदात नुसता पेटर मिलर दिसला आणि जहाजाच्या यादीत योहान पेटर, तर तो एकच माणूस असू शकतो. फक्त योहानेस असं पूर्ण नाव असलं तर ते त्याचं खरं नाव, इंग्रजी कागदात तो जॉन होतो.

सर्व्हेचा कागद मात्र तुम्हाला बघताक्षणी ओळखीचा वाटेल. साधारण असं लिहिलेलं असतं की पांढऱ्या ओकच्या झाडापासून सुरू, तिथून उत्तर ४० अंश पूर्व ८० पर्च दगडापर्यंत, तिथून अमक्याच्या जमिनीला लागून दक्षिण ५० अंश पूर्व १०० पर्च काळ्या ओकपर्यंत, असं करत करत परत पहिल्या झाडाला. पर्च म्हणजे साडेसोळा फूट. आपली जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, सोळा आण्यांची, म्हणजे बरोबर दोन पर्चची एक साखळी. आपला गुंठा ३३ बाय ३३, त्यात चार चौरस पर्च बसतात. तिकडं १६० चौरस पर्चचा एकर, इकडं ४० गुंठ्याचा, हिशोब करून बघा, एकर तोच येतो. दोन्हीकडचं मूळ एकच, इंग्रजांची ६६ फुटी गुंटर साखळी. तेव्हा आकृती काढायला तुम्हाला कुणाची मदत लागणार नाही. फक्त एक ध्यानात ठेवा, पेन्सिल्व्हेनियाच्या मोजणीत रस्त्यांसाठी म्हणून शंभरामागं सहा एकर वरचे धरायची पद्धत होती, त्यामुळं आकडे थोडे जुळले नाहीत तर घाबरू नका.

आणि काका, त्या नकाशाच्या कडेला जी नावं असतात, तोच खरा माल. आपल्या खतात चतुःसीमा असते तशी तिथं प्रत्येक बांधाला शेजाऱ्याचं नाव लिहिलेलं असतं. ही सगळी नावं एका वहीत उतरवा. एका मिलरचा शेजार दुसऱ्या मिलरच्या शेजाराशी जुळत नाही, त्यामुळं ढीगभर मिलरांतून आपला वेगळा निघायला सुरुवात इथूनच होते. दुसरं कारण याच्याहून मोठं आहे. जर्मनीतलं गाव कोणतं हे जमिनीच्या कागदात जवळपास कधीच नसतं. पण ही माणसं एकटी-दुकटी आली नव्हती, एका गावचे, एका चर्चचे, नात्यातले मागंपुढं आले आणि जवळजवळ जमिनी घेतल्या. तुमच्या मिलरचं गाव सापडत नसेल तर बांधावरच्या शेजाऱ्याचं शोधा. लुथरन आणि रिफॉर्म्ड या प्रोटेस्टंट पंथांच्या चर्चमध्ये बाप्तिस्म्याच्या वह्या आहेत, त्यात पोराला मांडीवर घेणारे धर्ममायबाप कोण ते लिहिलेलं असतं आणि बऱ्याचदा ते हेच शेजारी निघतात. शेजाऱ्याचं गाव सापडलं की तिथल्या चर्चच्या वहीत आपला माणूस पण बघायचा. हा रस्ता लांबचा दिसतो, पण माझ्या मते पोचवणारा हाच आहे.

काउंटीचा घोळ मात्र आधीच समजून घ्या. लँकेस्टर काउंटी १७२९ ला चेस्टरमधून निघाली. यॉर्क १७४९ ला लँकेस्टरमधून. बर्क्स १७५२ ला फिलाडेल्फिया, लँकेस्टर आणि चेस्टरचे तुकडे जोडून झाली. डॉफिन १७८५ ला, लेबनन १८१३ ला. जमीन तिथंच, काउंटी तीनदा बदललेली, आणि जुनं खत ज्या काउंटीत नोंदवलं त्याच काउंटीत राहिलेलं. जावयांना लँकेस्टर का बर्क्स हा प्रश्न पडलाय त्याचं उत्तर दोन्ही असं पण असू शकतं. तुम्हाला हे नवीन नाही, अंबाजोगाईचा जुना कागद मोमिनाबाद तालुका म्हणूनच शोधावा लागतो.

शेवटचं, वारस. बाप मृत्युपत्र न करता गेला आणि मागं जमीन असली तर प्रकरण ऑर्फन्स कोर्टात जायचं. नाव अनाथांचं असलं तरी तिथं वाटण्या चालायच्या, कागदात विधवा, सगळी पोरं, लेकींचे नवरे, कोण अज्ञान आणि त्याचा पालक कोण, सगळं येतं. त्या काळी मृत्युपत्र नसलं तर थोरल्या मुलाला दुप्पट हिस्सा होता, आणि जमिनीचे तुकडे पडू नयेत म्हणून बऱ्याचदा तो एकटाच किंमत ठरवून जमीन घ्यायचा आणि भावंडांना पैसे द्यायचा. मग बाकीचे भाऊ-बहिणी त्याला रिलीज लिहून द्यायचे, म्हणजे आपलं हक्कसोड पत्र. असा एक रिलीज सापडला तर एका कागदात अख्खी पिढी. नुसता आईबापाच्या नावानं शोधाल तर तो हुकतो, तेव्हा इंडेक्समध्ये आडनावाच्या सगळ्या ओळी बघा. आणि खत झालं तेव्हाच नोंदवलं असं समजू नका, घरात पेटीत पडून राहिलेलं खत नातवानं जमीन विकायला काढली तेव्हा नोंदवलेलं लै ठिकाणी दिसतं, म्हणून इंडेक्स पन्नास-साठ वर्षं पुढंपर्यंत चाळायचा.

इंडेक्सवरून आठवलं. पेन्सिल्व्हेनियाच्या बऱ्याच काउंट्यांत रसेल इंडेक्स म्हणून प्रकार आहे, तो सरळ अक्षरक्रमानं नसतो आणि नवा माणूस तिथंच वैतागून सोडून देतो. त्यात एल, एम, एन, आर, टी ही पाच अक्षरं किल्ली. आडनावाचं पहिलं अक्षर सोडायचं आणि त्यानंतर या पाचातलं पहिलं कोणतं येतं ते बघायचं. मिलरमध्ये एम सोडला की पहिलं येतं एल, तर एल च्या रकान्यात. स्नायडरमध्ये एन. योडरमध्ये आर. कोख यात पाचातलं एक पण नाही, तर त्याला वेगळा रकाना. एवढं कळलं की अर्ध्या तासात हात बसतो.

प्रश्न: जहाजाच्या याद्या असतात असं ऐकलंय. त्यात नाव सापडलं की काम झालं ना? मग जमिनीचे कागद कशाला हवेत?
– एक वाचक, परभणी

उत्तर: दादा, याद्या आहेत आणि चांगल्या आहेत. १७२७ पासून फिलाडेल्फियाला उतरणाऱ्या जर्मन पुरुषांकडून राजाशी निष्ठेची शपथ लिहून घ्यायला सुरुवात झाली, ती स्वातंत्र्याच्या लढाईपर्यंत चालली. सोळा वर्षांवरचे पुरुष सही करायचे. बायका-पोरांची नावं बहुतेक नाहीत. पण एकाच नावाचे पाच-सहा लोक वेगवेगळ्या जहाजांतून उतरलेत, त्यातला आपला कोणता हे यादी सांगत नाही. ते सही सांगू शकते. ज्याला लिहिता येत होतं त्यानं जर्मन लिपीत स्वतःच्या हातानं सही केलीय, ज्याला येत नव्हतं त्यानं खूण केली आणि बाजूला कारकुनानं नाव लिहिलं. हीच सही मृत्युपत्राच्या मूळ कागदावर असेल तर दोन्ही शेजारी ठेवून बघा. काउंटीच्या डीड बुकातली, म्हणजे खतं उतरवून ठेवायच्या वहीतली, सही मात्र चालत नाही, कारण ती कारकुनानं उतरवलेली नक्कल असते, सगळ्यांचं अक्षर एकच.

अजून एक ध्यानात घ्या. प्रवासाचं भाडं नसलेले लोक रिडेम्प्शनर म्हणून यायचे, म्हणजे उतरल्यावर कुणीतरी भाडं भरायचं आणि त्या बदल्यात काही वर्षं त्याच्याकडं राबायचं. आपल्या सालगड्याचं जिणं ज्यांनी जवळून बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. असा माणूस १७५० ला उतरला तर १७६० पर्यंत पण जमिनीच्या दप्तरात दिसत नाही. मधल्या काळासाठी टॅक्सच्या याद्या बघायच्या. त्यात फ्रीमन म्हणजे एकटा, लग्न न झालेला, आणि इनमेट म्हणजे लग्न झालेला, पण दुसऱ्याच्या जागेत राहणारा बिनजमिनीचा. एका वर्षी फ्रीमन, दोन वर्षांनी इनमेट, तर मधे लग्न झालं असणार. १७४० च्या इंग्रजी कायद्यानं सात वर्षं वसाहतीत राहिलेल्या परदेशी प्रोटेस्टंट माणसाला शपथ घेऊन नागरिक होता यायचं, परदेशी माणसाची जमीन वारसाला जाण्यात अडचण असायची म्हणून जमीनवाले ते करून घ्यायचे. ती यादी पण सोडू नका.

प्रश्न: आमच्या घराण्याची वंशावळ भिंतीवर लावलीय, सात पिढ्या, त्यात एकही बाई नाही. जमिनीच्या कागदात तरी बायका सापडतात का हो, इथल्या नाहीतर तिथल्या?
– एक वाचक ताई, नांदेड

उत्तर: सापडतात ताई, आणि मला वाटतं की वंशावळीत बायका आणायचा सगळ्यात भरवशाचा रस्ता जमिनीचाच आहे. पेन्सिल्व्हेनियात नवऱ्याच्या जमिनीत बायकोचा डावर म्हणून हक्क असायचा, म्हणून विकताना खतात बायकोचं नाव यायचं. १७७० च्या कायद्यानं तर तिला नवऱ्यापासून वेगळं घेऊन विचारायची पद्धत पक्की केली, बाई तू हे राजीखुशीनं करतीस का, कुणाचा धाक आहे का. नोंदीच्या शेवटी तो मजकूर असतो. फक्त तिथं तिचं पाळण्यातलं नाव मिळतं, माहेर मिळत नाही. माहेर बापाच्या मृत्युपत्रात किंवा वर सांगितलेल्या रिलीजमध्ये, माझी मुलगी अमुक, अमक्याची बायको, असं. जर्मन चर्चच्या वहीत बाईच्या आडनावाला शेवटी इन लागतं, म्युलरची म्युलरिन, ते वेगळं आडनाव समजू नका.

आपल्याकडं वारसाच्या फेरफारात बघा, विधवा आणि लेकींची नावं तिथं येतात. हक्कसोड पत्र बघा, तिथं लेकी सासरच्या नावागावासकट आहेत. लेकीला चोळी-बांगडीसाठी दिलेली जमीन असली तर ती नोंद बघा. आपल्या आज्यांची नावं कुठं लिहिलेली असतील तर बऱ्याचदा हक्क सोडल्याच्या कागदावर आहेत, ही वाईट वाटायची गोष्ट आहे, पण नाव आहे. ते उतरवून भिंतीवरच्या वंशावळीत लावा की.

प्रश्न: मी उदगीरचा, एमए करतोय. आमच्या शेताचे जुने कागद तहसीलला विचारले तर म्हणले एवढं जुनं इथं नाही. एका कागदावर १३३२ असं साल आहे, ते कसलं? कागद उर्दूत आहे.
– एक विद्यार्थी, उदगीर

उत्तर: तुझ्याकडं पण तोच काउंटीचा घोळ झालाय बघ. उदगीर, अहमदपूर आणि निलंगा हे तालुके १९५६ च्या राज्य पुनर्रचनेपर्यंत बिदर जिल्ह्यात होते. मग उस्मानाबादमध्ये आले, आणि १९८२ ला लातूर जिल्हा झाला तेव्हा लातूरमध्ये. तेव्हा लातूर, मग धाराशिव, मग बिदर असं मागं जात विचारायचं, आणि हैदराबादला तारनाक्याला तेलंगणाचं स्टेट आर्काइव्हज आहे, निजामाच्या काळातलं दप्तर तिथं लै मोठं आहे. आपल्या संभाजीनगरला पण पुराभिलेखागाराचं ऑफिस आहे, तिथून सुरू केलंस तरी चालेल. हिंगोली, जालन्याच्या वाचकांनी पण हेच करायचं, जालना १९८१ पर्यंत औरंगाबादमध्ये होतं, हिंगोली १९९९ पर्यंत परभणीत.

१३३२ हे फसली साल. निजामाच्या शेवटच्या काळात ते ऑक्टोबरच्या सुरुवातीला आजूर महिन्यानं सुरू व्हायचं. ऑक्टोबर ते डिसेंबरमधली तारीख असेल तर ५९० मिळवायचे, जानेवारीनंतरची असेल तर ५९१. म्हणजे तुझा कागद १९२२-२३ चा. महिन्याचं नाव बहमन, खुर्दाद, तीर, अमरदाद असं काही असेल, ते नीट वाचून घे, त्यावर एक वर्ष इकडंतिकडं होतं. पेन्सिल्व्हेनियात पण असलाच प्रकार आहे, १७५२ च्या आधी इंग्रजी राज्यात नवीन वर्ष २५ मार्चला लागायचं, त्यामुळं जानेवारी-फेब्रुवारीचा कागद आपल्या हिशोबानं एक वर्ष मागचा दिसतो.

उर्दू वाचायला गावातलेच कुणी जुने मौलवी किंवा रिटायर शिक्षक शोध. तुझ्या आजोबांच्या पिढीत किती तरी हिंदू घरातली माणसं उर्दू मीडियमला शिकलेली होती, त्यातलं कुणी हयात असेल तर आजच जा, आणि नुसता अर्थ विचारू नको, शब्दाला शब्द उतरवून घे. सर्व्हे नंबर आणि आताचा गट नंबर वेगळा असतो, एकत्रीकरणाचा उतारा काढून आधी दोन्ही जुळव, नाहीतर दुसऱ्याच्याच शेताचा इतिहास वाचत बसशील.

प्रश्न: पेन घराण्यानं जमीन विकली म्हणता, पण त्याच्या आधी ती कुणाची होती? दप्तरात ते दिसतं का?
– एक शिक्षक, बीड

उत्तर: सर, हे विचारलंत ते बरं केलं. ती लेनापे या तिथल्या मूळ रहिवासी लोकांची भूमी. पेन घराणं टप्प्याटप्प्यानं करार करून एकेक पट्टा विकत घ्यायचं आणि मगच तिथं वॉरंट द्यायचं असा नियम होता, म्हणून त्या करारांच्या तारखा माहीत असल्या की कोणत्या भागात पहिलं वॉरंट कधीचं असू शकतं ते कळतं. पण वागणूक नियमासारखी राहिली नाही. पेन्सिल्व्हेनियातल्या टल्पेहॉकनच्या खोऱ्यात न्यूयॉर्ककडून आलेली जर्मन कुटुंबं १७२३ ला वसली, आणि लेनापेंकडून ती जमीन घेतल्याचा करार १७३२ चा आहे, म्हणजे नऊ वर्षं ते दुसऱ्याच्या जमिनीवर बसले होते आणि लेनापेंच्या सरदारानं तक्रार केलेली आहे. १७३७ चा वॉकिंग पर्चेस तर उघड फसवणूक, दीड दिवसात माणूस चालत जाईल तेवढी जमीन असं ठरलं आणि पेनच्या पोरांनी आधी वाट साफ करून पळणारी माणसं आणली. अंबाजोगाईच्या काकांनी जावयासाठी पहिल्या पेटंटापर्यंतची साखळी लावली की तिच्या वर लेनापेंचं नाव पण लिहावं, असं मला मनापासून वाटतं. घराण्याचा इतिहास खरा लिहायचा तर तो तिथून सुरू होतो.

प्रश्न: हे सगळं अमेरिकेला न जाता घरबसल्या होतं का? खर्च किती?
– एक वाचक, जालना

उत्तर: बरंचसं होतं, आणि फुकट. पेन्सिल्व्हेनिया स्टेट आर्काइव्हजनं वॉरंट रजिस्टर, पेटंटचे इंडेक्स आणि सर्व्हेच्या नकला स्कॅन करून आपल्या साईटवर टाकल्यात. फॅमिलीसर्च ही साईट मॉर्मन चर्चची आहे पण सगळ्यांना फुकट, फक्त अकाउंट काढावं लागतं, तिथं लै काउंट्यांची डीड बुकं पानापानानं बघता येतात. २०२४ पासून तिथं फुल टेक्स्ट सर्च पण आलाय, हातानं लिहिलेल्या जुन्या पानांत कॉम्प्युटर नाव शोधून देतो. तो वापरा, पण मिलर टाकून हजारो निकाल बघत बसण्यापेक्षा शेजाऱ्याचं एखादं विचित्र आडनाव आणि टाउनशिपचं नाव टाका, आपला माणूस त्याच पानावर साक्षीदार नाहीतर बांधकरी म्हणून निघतो. जुन्या कागदांच्या काही फिल्म फक्त फॅमिलीसर्चच्या सेंटरमध्येच उघडतात, ते काम काकांच्या जावयांना सांगता येईल, तिकडं अशी सेंटर पुष्कळ आहेत. पैसे लागतात ते मृत्युपत्राची मूळ प्रत किंवा ऑर्फन्स कोर्टाची फाईल मागवायला, ते काउंटीच्या ऑफिसला मेल करून आधी विचारून घ्यायचं. फाईलचा नंबर, बुक, पान हे सगळं तयार ठेवून मेल केला तर लवकर उत्तर येतं.